केशवसुतांच्या नावाने मंडळ चालवायचे तर

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी जाहीर केल्यापासून आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात जुन्या साहित्यिकांच्या स्मरणार्थ मंडळे काढण्याच्या गोष्टी पुन्हा कानावर येऊ लागल्या आहेत. केशवसुतांच्या कवितेसाठी चालणाऱ्या एका लहान मंडळाचे चिटणीसपद मी काही वर्षे सांभाळले असल्यामुळे, अशी मंडळे कशाने टिकतात आणि कशाने मिटतात याविषयी आपल्या वृत्तपत्रातून चार शब्द लिहावेसे वाटतात.

मालगुंडला, केशवसुतांच्या जन्मगावी, त्यांचे स्मारक झाले ते मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने, कोकण मराठी साहित्य परिषदेच्या प्रयत्नांतून. १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तसे काम प्रत्येक तालुक्यात होणार नाही आणि होण्याची गरजही नाही. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी केशवसुत हुबळीला प्लेगने गेले, तेव्हा त्यांच्या नावावर एकही संग्रह नव्हता. ‘काव्यरत्नावली’, ‘करमणूक’ अशा नियतकालिकांत विखुरलेल्या त्यांच्या कविता हरि नारायण आपटे यांनी एकत्र करून पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या त्या कवीच्या मृत्यूनंतर दहा वर्षांहून अधिक काळाने. केशवसुत आपल्यापर्यंत पोहोचले ते कविता वाचणाऱ्या, उतरवून ठेवणाऱ्या आणि दुसऱ्याला म्हणून दाखवणाऱ्या माणसांमुळे, आणि मंडळाचे पहिले काम आजही तेवढेच आहे.

प्रत्यक्षात मात्र वर्षातून एक समारंभ, त्यात दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल आणि श्रीफळ (नारळही हल्ली कोकणात काही स्वस्त राहिलेला नाही), मग ‘तुतारी’च्या पहिल्या दोन ओळी आणि आभारप्रदर्शन, एवढ्यावरच बहुतेक मंडळांचे वर्ष संपते. केशवसुतांच्या उपलब्ध कविता सुमारे १३५ आहेत. महिन्याच्या बैठकीला तीन कविता घेतल्या, तरी चार वर्षांच्या आत सगळे केशवसुत वाचून होतात, आणि त्यासाठी एक खोली, एक पुस्तक आणि आठ-दहा माणसे पुरतात. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याला उद्देशून लिहिलेली, कोकणातल्या घराच्या ओढीने भरलेली त्यांची कविता जूनमध्ये, तोच वारा खिडक्या आपटत असताना वाचावी. तिच्यावर वेगळे व्याख्यान ठेवावे लागत नाही. ‘आम्ही कोण?’ हे सुनीत आणि त्याचे आचार्य अत्रे यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये केलेले विडंबन लागोपाठ वाचले, की कॉलेजची मुले आधी हसतात आणि मग मूळ कविता पुन्हा वाचायला मागतात, असा आमचा अनुभव आहे. ‘हरपले श्रेय’सारख्या कवितेला मात्र एक बैठक पुरत नाही, आणि ती पुरवण्याचा अट्टहास करूही नये.

कार्यक्रमाच्या तारखांचाही विचार व्हायला हवा. जन्मतारखेबाबत अभ्यासकांत एकवाक्यता नाही; सर्रास पाळली जाणारी ७ ऑक्टोबर ही तारीख नेमकी भातकापणीच्या धांदलीत येते. पुण्यतिथी पुष्कळदा दिवाळीच्या सुट्टीत सापडते आणि शाळा ओस असतात. गणपतीत चाकरमानी गावी येतात खरे, पण आरत्या आणि भजने सोडून कवितेला कोण बसणार? आम्हाला सोयीचा ठरला तो मे महिना. आंब्याची घाई असली, तरी मुंबईची मंडळी निवांत असतात आणि त्यांची मुले हाताशी असतात. जयंती-पुण्यतिथीला फोटोला हार घालावा, मोठी बैठक मात्र माणसे असतील तेव्हाच घ्यावी.

मंडळे खरी अडतात ती कागदपत्रांत, आणि त्याविषयी व्यासपीठावरून कोणी बोलत नाही. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी झाली, की १९५० च्या कायद्याप्रमाणे दरवर्षी हिशेब ठेवून ते तपासून घ्यावे लागतात, आणि विश्वस्तांत बदल झाला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. अध्यक्ष वारले, खजिनदार मुलाकडे ठाण्याला गेले, बदल अर्ज कोणी केला नाही, आणि मग बँकेत सहीचा अधिकार असलेला माणूसच गावात उरला नाही, अशी परिस्थिती मी जवळून पाहिली आहे. पैसे खात्यात पडून राहतात आणि खर्च पदरचा होतो. म्हणून कवितेची जाण असलेल्यांइतकाच हिशेबाची वही नीट लिहिणारा एक माणूस कार्यकारिणीत हवा, आणि चाळिशीच्या आतले निदान दोघे तरी हवेत. सत्तरीच्या पुढच्या सातजणांची कार्यकारिणी विद्वान असते, पण तिच्यानंतर कोण, याचे उत्तर तिच्याकडे नसते.

वर्गणी थोडी असावी, पण सगळ्यांकडून घ्यावी. एखाद्या बागायतदाराच्या वा पुढाऱ्याच्या देणगीवर चालणारे मंडळ त्याच्या सोयीने चालते, आणि निवडणुकीच्या वर्षी तर त्याचे व्यासपीठ आपले राहतच नाही.

आणखी एक काम मंडळांना सहज जमण्यासारखे आहे. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे केशवसुतांच्या मूळ कविता छापायला आज कोणाचीही परवानगी लागत नाही. अडचण आहे ती जुन्या शब्दकळेची. दहावीचा हुशार विद्यार्थीही तिथे अडखळतो, आणि त्याला नुसते समग्र पुस्तक देऊन भागत नाही. वीस-पंचवीस कविता, प्रत्येकीखाली कठीण शब्दांचे अर्थ आणि ती केव्हा लिहिली याची दोन ओळींची नोंद, अशी पुस्तिका तालुक्याच्या छापखान्यात माफक खर्चात निघू शकते. एका सत्काराच्या खर्चात तिच्या किती प्रती निघतील, याचा हिशेब प्रत्येक मंडळाने एकदा करून पाहावा. जाडजूड ग्रंथ कपाटात ठेवून आमच्या दमट हवेत बुरशीच्या आणि वाळवीच्या हवाली करण्यापेक्षा अशी पुस्तिका मुलांच्या दप्तरात राहिलेली बरी.

शेवटी आपल्याकडे एक विनंती आहे. साहित्य मंडळांच्या बातम्या आपण आवर्जून छापता, परंतु त्यांत व्यासपीठावर कोण होते आणि कोणाचा सत्कार झाला एवढेच येते, आणि मंडळेही मग छापून येईल तेच करतात. अशा बातम्यांत कोणत्या कविता वाचल्या गेल्या, त्या कोणी वाचल्या आणि श्रोत्यांनी त्यांवर काय विचारले, हे द्यायला आपण आपल्या वार्ताहरांना सांगितलेत, तर पुढच्या बैठकीची तयारी करताना आमच्या भागातील कार्यकर्त्यांना हार-तुऱ्यांआधी कवितांची यादी करावी लागेल.

आपला नम्र,
एक वाचक, जि. रत्नागिरी