तुझ्या लेबलवर माझं नाव नको

प्रिय निनाद,

परवा तू पाठवलेलं तुमच्या कंपनीचं लेबल बघितलं. फोनच केला असता पण फोनवर तू कायम मीटिंगमध्ये असतोस आणि मग मी चिडते, म्हणून बसून टाइप करतेय, सावकाश वाच. "सह्याद्रीतल्या सातेरी माशीचं शुद्ध प्रोपोलिस, ज्येष्ठ शास्त्रज्ञांकडून प्रमाणित." अरे राजा, सातेरी म्हणजे आपली देशी पेटीतली माशी, ती प्रोपोलिस जवळजवळ गोळाच करत नाही! मेलिफेरा, ती युरोपीय माशी, करते, भिंतीच्या भोकात राहते ती बारकी बिनडंखी माशी करते, झाडाचा चीक आणून त्यात मेण कालवून फटी बुजवते. सातेरीच्या पेटीचं झाकण हलकेच उचललं जातं, मेलिफेराच्या पेटीचं या चिकाने चिकटलेलं असतं, पटाशी घालावी लागते, एवढा साधा फरक आहे. तुमच्या डब्यात नक्की काय आहे ते आधी विचार कोणाला तरी.

आणि ते ज्येष्ठ शास्त्रज्ञ म्हणजे मी ना? मग ऐकच आता.

मी मधाच्या संशोधनात नवीन होते तेव्हा तीन महिने ट्यूबमध्ये मध घालून जंतू वाढवायचे, तीस-चाळीस टक्के मध असला की ट्यूब स्वच्छ, एक जंतू नाही. मी हवेत. पेपर लिहायला घेतला. सरांनी वही चाळली आणि एवढंच विचारलं, साखरेच्या पाकाची ट्यूब कुठाय? लावलीच नव्हती. लावली तर तीही स्वच्छ! इतक्या साखरेत जंतू तसेही वाढत नाहीत, मुरांबा टिकतो ना तसं. तीन महिने मी साखरेचंच कौतुक करत होते. त्या रात्री जेवले नाही, बाबांना विचार. मग सगळं पहिल्यापासून केलं, दहा टक्के, पाच टक्के असं पातळ करत नेलं, तिथे पाक गढूळ झाला, म्हणजे जंतू वाढले, आणि मधाची ट्यूब मात्र बरेचदा स्वच्छ राहिली. ते खरं मधाचं काम.

ते होतं कसं तर माशी फुलाच्या रसात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम मिसळते, मध पातळ झाला की त्यातून हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतो. जखमेवर ओल लागली की तिथे थोडं थोडं औषध तयार होत राहतं म्हण ना. पण मध तापवला की ते एन्झाइम गेलं. तुम्ही मध रवाळ होऊ नये म्हणून तापवता आणि वर "नैसर्गिक अँटिबायोटिक" छापता, म्हणजे कमाल आहे!

न्यूझीलंडच्या मनुका मधाचं नाव तू सारखं घेतोस. त्याची गोष्ट वेगळी आहे रे. तिथले मधाचे संशोधक पीटर मोलन यांनी मधात कॅटलेज, म्हणजे पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम, घालून तो मारून टाकला तरी त्याचा जोर उरला, आणि मग २००८ मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनच्या लोकांनी त्यात मिथाइलग्लायॉक्सल नावाचं जंतू मारणारं रसायन दाखवलं. मीही आपल्या मधात कॅटलेज घालून बघितलं. जांभूळ, हिरडा, कारवी, सगळे. जंतूंच्या प्लेटवर मध घातलेल्या भोकाभोवती जंतू मरून जो स्वच्छ गोल पडायचा तो माझ्या बहुतेक सॅम्पलमध्ये गायब. मी तसंच छापलं. कोणी टाळ्या नाही वाजवल्या.

कारवीचं तर तुला माहितीच आहे, सात वर्षांनी एकदा फुलते, सॅम्पल हुकलं की बसा परत सात वर्षं. पहिलं घेतलं तेव्हा तू पहिलीत, दुसरं घेतलं तेव्हा आठवीत, आणि त्याच आठवड्यात तुझा हात मोडला आणि मी महाबळेश्वरला पेट्यांपाशी, फोनला रेंज नाही. प्लास्टर ओलं असताना तू मला विचारलंस की मध लावून हाड जुळतं का. मी नाही म्हटलं. तू म्हणालास मग काय उपयोग. अजून आठवतंय मला ते.

उपयोग आहे, पण जिथे आहे तिथेच. आपल्या सोलापूरच्या मेडिकल कॉलेजातले सर्जन डॉ. सुब्रह्मण्यम, त्यांनी १०४ भाजलेल्या पेशंटवर मधाची पट्टी आणि नेहमीचं सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम अशी तुलना केली, १९९१ ला ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत आली. मधाच्या गटात सात दिवसांत ९१ टक्के जखमा जंतूमुक्त, दुसऱ्या गटात ७ टक्के. मी त्याची झेरॉक्स फाइलला लावून ठेवली होती, अभिमान वाटायचा, सोलापूर बरं का! पण मला त्यांचा १९९९ चा पेपर जास्त आवडतो. त्यात त्यांनीच दाखवलंय की मध्यम भाजलेल्यांमध्ये जळलेली कातडी लवकर काढून नवी लावणं हे मधापेक्षा सरस आहे. ज्या मधाने नाव दिलं तो हरला, तरी छापलं. आणि भाजण्यावरचे बरेचसे ट्रायल एकाच सेंटरमधले आहेत म्हणून लोक अजून परत तपासा म्हणतात, तेही बरोबरच आहे. तुमच्या लेबलवर यातलं काय बसतं सांग.

तू रागावशील माहितेय. ईएमआय आहे, टार्गेट आहे, सगळं कळतं. "महाबळेश्वरचा जांभळाचा मध, न तापवलेला, चव कडवट" एवढं छाप, ते खरं असेल तर खाली माझी सही घे. आणि लहान अक्षरात का होईना पण हे टाकच, एक वर्षाखालच्या बाळाला देऊ नये. मधात बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना काही होत नाही, बाळाच्या आतड्यात ते वाढतात. बारशाला तुझ्या आत्याने मधाचं बोट पुढे केलं तेव्हा मी मध्ये पडले, ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. असू दे.

चिऊ पुढच्या महिन्यात वर्षाची होतेय ना, मी जांभळाची एक छोटी बाटली काढून ठेवलीय, येताना आणते. तोंड वाकडं करेल, व्हिडिओ मात्र तूच काढ, मला त्या फोनमध्ये जमत नाही.

तुझी आई