डर्कचा हुकलेला फ्री थ्रो पण छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या क्रीडा पानावर डर्क नोवित्स्की ह्या जर्मन बास्केटबॉलपटूचा फोटो आणि खाली चार ओळी बघून खूप आनंद झाला, कारण क्रिकेटच्या गर्दीत बास्केटबॉलला एवढी जागा मिळणं पण मोठी गोष्ट आहे. पण वाचून झाल्यावर चुटपुट लागून राहिली. ३१,५६० पॉइंट्स, २१ सीझन एकाच टीमकडून म्हणजे डॅलस मॅव्हरिक्सकडून, २००७ चा एमव्हीपी म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, २०११ चं एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या बास्केटबॉल लीगचं, टायटल. सगळं बरोबर आहे हो, पण ह्यात तो माणूस कुठे दिसतो?

मी नागपुरात रोज संध्याकाळी वस्तीतल्या मुलांना बास्केटबॉल शिकवतो. सिमेंटचं ग्राउंड आहे, एका रिंगला जाळी आहे, दुसरीला नाही. आमच्यातला सातवीतला एक मुलगा परवाच्या मॅचमध्ये शेवटचा फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर लाइनवरून मिळणारा एका पॉइंटचा मोकळा शॉट, हुकला, मॅच एका पॉइंटने गेली आणि पोरगा चार दिवस फिरकलाच नाही. घरी गेलो तर आई म्हणाली, सर, हा धड जेवत पण नाही आहे. मग मी मोबाईलवर त्याला डर्कची २००६ ची फायनल दाखवली, ज्यात आधी चार मॅच जिंकणाऱ्याला टायटल मिळतं.

डॅलस तेव्हा मायामीच्या २-० पुढे होतं, तिसऱ्या मॅचमध्ये पण शेवटची साडेसहा मिनिटं राहिली असताना १३ पॉइंट्सचा लीड, म्हणजे टायटल हातात आल्यातच जमा. तो लीड बघता बघता संपला, ३.४ सेकंद उरले, दोन पॉइंट्सनी मागे, आणि डर्क लाइनवर. पहिला आत गेला, दुसरा हुकला, आणि हा शंभरात नव्वद फ्री थ्रो टाकणारा माणूस! मॅच ९८-९६ ने गेली, पुढच्या तिन्ही पण गेल्या. पुढच्या वर्षी ६७ मॅच जिंकून पहिला नंबर काढला तर बाद फेरीच्या पहिल्याच राउंडमध्ये आठव्या नंबरच्या गोल्डन स्टेटने घरी पाठवलं, शेवटच्या मॅचमध्ये डर्कचे १३ पैकी फक्त २ शॉट पडले. लॉकर रूमबाहेर त्याने रागात कचऱ्याचा डबा भिंतीवर फेकला, भिंतीला भोक पडलं, ते त्या स्टेडियमवाल्यांनी जपून ठेवलं. तुम्ही छापलेला २००७ चा एमव्हीपी त्याला ह्याच्यानंतर मिळाला, टीम आधीच बाहेर पडलेली असताना. तो पुरस्कार हातात घेताना त्याला कसं वाटलं असेल, सांगा.

तो टीम सोडून गेला नाही. दर उन्हाळ्यात जर्मनीत आपले जुने कोच होल्गर गेश्विंडनर यांच्याकडे छोट्याशा जिममध्ये जाऊन तेच ते शॉट हजारदा मारत राहिला. हे कोच स्वतः १९७२ च्या ऑलिम्पिकला पश्चिम जर्मनीकडून खेळलेले. डर्कचा तो फेमस शॉट बघा, सात फुटाचा माणूस डाव्या पायावर उडतो, उजवा गुडघा वर, अंग मागे झुकलेलं आणि बॉल डोक्याच्याही वरून सुटतो, डिफेंडरचा हात पोचतच नाही. डॅलसला स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे तो ह्याच पोझमध्ये.

आणि मग २०११. ओक्लाहोमाविरुद्ध एका मॅचमध्ये ४८ पॉइंट्स, त्यात २४ फ्री थ्रो, २४ पैकी २४! मी हे सांगितलं तेव्हा तो मुलगा उठून बसला. फायनलला पुन्हा तेच मायामी, आता लेब्रॉन जेम्ससारखा स्टार पण त्यांच्याकडे. पहिल्याच मॅचमध्ये डर्कच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा टेंडन फाटला, दुसऱ्या मॅचला टीम १५ पॉइंट्सनी मागे पडून वर आली आणि जिंकवणारा ले-अप, म्हणजे रिंगजवळून टाकायचा शॉट, त्याने त्याच डाव्या हाताने टाकला. चौथ्या मॅचला १०१ ताप होता, तरी खेळला. टायटल जिंकल्यावर मात्र सगळे नाचत असताना हा सरळ लॉकर रूममध्ये जाऊन रडत बसला, ट्रॉफी घ्यायला त्याला बोलवून आणावं लागलं.

नंतर २०१४ मध्ये दुसरीकडे कितीतरी जास्त पैसे मिळत असताना कमी पैशात तिथेच राहिला, २०१९ ला तिथूनच रिटायर झाला. आपल्या पंजाबच्या सतनाम सिंगला २०१५ मध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, घेणारी टीम पण हीच डॅलस, हे तरी आपल्या वाचकांना सांगायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

सगळं बघून झाल्यावर पोरगा मला म्हणाला, सर, पेपरवाल्यांनी हे काहून नाही लिहिलं? म्हणून हे पत्र. रविवारच्या पानावर जागा झाली तर डर्कवर नीट एक लेख द्या, २००६ च्या त्या फ्री थ्रोसकट. तुमचं मागचं कात्रण मुलांनी बॉल ठेवायच्या खोलीच्या दारावर चिकटवलंय आणि त्याच्या खाली जागा मोकळी सोडली आहे.

आपला नेहमीचा वाचक,
नागपूर