आलेखातला घाट

महोदय,

वाई–पाचगणी मार्गावर मी अनेक वर्षे एसटी चालवली. परवा नववीतल्या नातीला ‘पसरणी घाट एकसारख्या वेगाने चढणाऱ्या गाडीचा वेग-काल आलेख काढ’ म्हटले, तर तिने घाटच काढला, वर चढणारी रेघ! गणिते तिला येतात, पण आलेख तिला रस्त्याचे चित्र वाटतो.

तिला सांगितले, काटा २० वर स्थिर असेल तर रेघ आडवीच. चढ कितीही असो, चाकांचा पुढचा रेटा आणि मागे खेचणारे गुरुत्वाकर्षण व घर्षण सारखे झाले की बल संतुलित, त्वरण (वेग बदलण्याचा दर) शून्य. यावर ती बराच वेळ अडली. वेग आहे म्हणजे एकूण बल हवेच, असे तिला वाटे.

मग ब्रेक. ताशी ५४ किमी म्हणजे सेकंदाला १५ मीटर. ५ सेकंदांत एकसारखे थांबलो, तर रेघेखालच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ, म्हणजेच थांबेपर्यंत कापलेले अंतर, साडेसदतीस मीटर. तेवढाच ब्रेक आणि वेग दुप्पट, तर अंतर चौपट, दीडशे मीटर! हे तिने स्वतः काढले तेव्हा मला फार बरे वाटले.

शिक्षकांना विनंती, मुलांना मैदानात चालवा, घड्याळ लावा आणि त्यांच्याच चालण्याचा आलेख त्यांच्याकडून काढून घ्या.

– एक निवृत्त एसटी चालक, वाई