पंधरा टॅब येण्याआधी

जळगाव, ८ जून

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या शाळेला पंधरा टॅब मिळणार, फार आनंद झाला. कोणती ॲप टाकू म्हणून विचारलंस. ते नंतर पाहू, आधी चार्जिंगचं ठरव.

टॅबची ५,००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-तास वीज. पंधरांचे २८५, वाया जाणारी वीज धरून ३५० ते ४००. बारा व्होल्टच्या १५० एएच इन्व्हर्टर बॅटरीत १,८०० वॅट-तास असतात, पण निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे वापरायला ९००. तेव्हा लाइट नसली तरी सगळे टॅब दोनदा भरतील. त्याच इन्व्हर्टरवर पंखे असतील तर मात्र एकदाच धर.

लिथियम बॅटरी ४५ अंशांवर चार्ज करू नये, आणि आपल्याकडे एप्रिलात पत्र्याखालची खोली दुपारी तिथवर सहज जाते. तेव्हा सकाळची शाळा भरताच चार्जिंग लाव, कपाटाचं दार उघडं ठेवून. मे महिन्याच्या सुट्टीत निम्मं चार्जिंग ठेवून टॅब बंद कर. रिकामी ठेवलेली बॅटरी जूनपर्यंत इतकी उतरू शकते की चार्जच घेणार नाही. पूर्ण भरलेली उकाड्यात लवकर खराब होते, कधी फुगते. मागचं झाकण उचललेलं दिसलं, तर तो टॅब मुलांच्या हाती मुळीच देऊ नकोस.

दुसरं, गूगल खातं स्वतःचं टाकू नकोस. शाळेचं वेगळं काढ आणि पासवर्ड बंद पाकिटात डेडस्टॉक रजिस्टरजवळ, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीजवळ ठेव. खातं न काढता कुणी बटणं दाबून टॅब रिसेट केला, तर तो जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो. तोवर गुरुजींची बदली झाली असेल, तर टॅब पाटीइतकाही कामाचा नाही. सेटिंग्जमधलं ॲप पिनिंगही चालू कर, म्हणजे मुलं पिनशिवाय दुसऱ्या ॲपमध्ये जात नाहीत.

एका टॅबवर दोघंच बसव. एक बोट चालवेल, दुसरा वाचून सांगेल. दहा मिनिटांनी अदलाबदल. तिघं बसले की तिसरा खिडकीबाहेर पाहतो. दीक्षा या सरकारी ॲपवरचे धडे नेट असलेल्या ठिकाणी आधीच डाउनलोड करून आण.

वाचन ऐकून चूक दाखवणारी ॲप जपून वापर. आपली अहिराणी पोरं 'डोळा'ला 'डोया' म्हणतात. ॲप त्याला चूक ठरवतं आणि नीट वाचणारं पोरगं गप्प होतं. मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. त्यापेक्षा साधा रेकॉर्डर दे. मुलानं मिनिटभर वाचावं, स्वतःच ऐकावं, पुन्हा वाचावं. नेट लागत नाही. श्रावणात आजीकडून आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीचं एखादं गाणं रेकॉर्ड करून आणू दे. वर्गात ऐकून आधी जसंच्या तसं अहिराणीत लिहायचं, मग शेजारी प्रमाण मराठीत. चौथीला एका गाण्याला दोन तासिका लागतील, लागू देत.

टॅब आले की खोके फेकू नकोस, वॉरंटीला लागणारा अनुक्रमांक त्यांवर सापडतो. ऑइल पेंटनं टॅबच्या मागे १ ते १५ आकडे घाल, चार्जरवरही तेच.

तुझा,
मधुकर