ऐकणारा होम्स दाखवलात, म्हणून

ती. काका,
सा. न. वि. वि.

घरी येऊन आभार मानले असते तर तुम्ही ‘आधी चहा घे’ म्हणून विषय बदलला असता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. भावे नाट्यमंदिरात विंगेत उभं राहून तुमच्याकडून शिकलेले सांगलीत बरेच आहेत, त्यांच्याही मनातलं यात थोडंफार येईल.

आमच्या नाटकात गुप्तहेराची भूमिका माझ्याकडे आली, तेव्हा तालमीला येणाऱ्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच शेरलॉक होम्स होता, २०१० च्या मालिकेतला बेनेडिक्ट कंबरबॅच. ताशा वाजावा तसं बोलणं, आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत निकाल. तो मला आजही फार आवडतो. मूळ कादंबरीत होम्स त्याच्या मित्राच्या, डॉ. वॉटसनच्या, घड्याळावरचे चावीच्या भोकाजवळचे ओरखडे बघून त्याच्या भावाचं दारूचं व्यसन ओळखतो. या मालिकेत घड्याळाच्या जागी मोबाइल आला आणि ओरखडे चार्जिंगच्या भोकापाशी गेले. इतक्या प्रेमाने जुनं नव्यात बसवणारे लोक थोडेच.

तुम्ही तालीम बघितलीत आणि एवढंच म्हणालात, “बोलतोस छान. आता ऐकताना कसा दिसतोस ते बघू.” दुसऱ्या दिवशी तुमच्या जुन्या डीव्हीडींची पिशवी माझ्या हातात होती. नुसती देऊन मोकळे झाला नाहीत, विश्रामबागच्या तुमच्या घरी संध्याकाळच्या संध्याकाळ माझ्याबरोबर बसलात. जिथे इंग्रजी अडलं तिथे थांबवून मराठीत सांगितलंत.

बॅसिल रॅथबोनपासून सुरुवात केलीत. १९३९ ते १९४६ या काळातले त्याचे १४ चित्रपट. काय ते नाक, काय तो आवाज! पण नायजेल ब्रूसचा वॉटसन तुम्हाला कधीच पटला नाही. समोरचा बावळट दाखवला की होम्सची हुशारी स्वस्त होते, हे तुमचं म्हणणं. मला ते तंतोतंत पटतं. वॉटसन डॉक्टर आहे, लढाईत जखमी होऊन आलेला माणूस आहे. त्याला चकित करणं सोपं नाही, म्हणून तर गोष्टीत मजा आहे.

मग रशियन होम्स, वासिली लिवानोव. सोव्हिएत काळात, १९७९ पासून, रिगा शहरातल्या एका गल्लीला बेकर स्ट्रीट करून काढलेले ते चित्रपट. भाषा दोघांनाही येत नव्हती, तरी त्याचा घोगरा आवाज आणि सोलोमिनच्या वॉटसनशी असलेली त्याची माया कळत होती. पुढे २००६ मध्ये ब्रिटिशांनीच लिवानोवला मानाचा किताब दिला, हे सांगताना तुमचा चेहरा खुलला होता.

आणि मग जेरेमी ब्रेट. त्याच्यासाठी तुमचे आभार आयुष्यभर पुरणार नाहीत.

१९८४ च्या मालिकेतली ‘स्पेकल्ड बँड’ ही कथा तुम्ही लावलीत. भल्या सकाळी एक बाई येते, थरथरत. थंडीने नाही, भीतीने. मूळ गोष्टीत होम्स तिच्या बाहीची झालर मागे सारतो, तर मनगटावर चार बोटं आणि अंगठ्याचे वळ. ती ज्याला पाठीशी घालतेय तो तिचा सावत्र बाप. तुम्ही मला ब्रेटचं बोलणं सोडून त्याच्या पापण्या बघायला लावल्यात. रिमोटने मागे नेऊन पुन्हा तेच. तिच्या कुठल्या शब्दाला त्याची नजर हलते, कुठे तो मुद्दाम स्थिर राहतो. हा होम्स उर्मट आहे, लहरी आहे, पण दारात आलेल्या माणसाचं दुःख तो पुरतं आत घेतो. माझ्या लेखी पडद्यावरचा सगळ्यात मोठा होम्स हाच, आणि कारण हेच.

शेवटची वर्षं तो मानसिक आजार आणि हृदयविकार सोसत काम करत राहिला. ४१ भाग झाले, सगळ्या ६० गोष्टी काही पुऱ्या झाल्या नाहीत, १९९५ मध्ये तो गेला. नंतरच्या भागांतला त्याचा सुजलेला चेहरा बघून मी काही बोलणार, तोच तुम्ही म्हणालात, “डोळे बघ. डोळे तसेच आहेत.”

आमच्या नाटकातला तो प्रवेश तुम्हाला माहीतच आहे. हरवलेल्या मुलाची आई बोलत असते आणि गुप्तहेराला वाक्यच नाही. संहितेत ती जागा रिकामी होती, तुम्ही ती भरायला शिकवलीत. आईचं काम करणाऱ्या ताई प्रयोगानंतर म्हणाल्या, “आज पहिल्यांदा कुणीतरी ऐकतंय असं वाटलं, म्हणून बोलता आलं.” ते कौतुक तुमचं आहे, काका.

ब्रेटच्या मालिकेत दोघांनी वॉटसन केला. त्यातला एडवर्ड हार्डविकचा चांगला की डेव्हिड बर्कचा, हा वाद आपला अजून मिटलेला नाही. मी बर्कच्या बाजूने आहे आणि तसाच राहणार. रंगभूमी दिनानंतर नव्या नाटकाच्या तालमी सुरू होताहेत. वेळ संध्याकाळी सातची. तुमची खुर्ची पुढेच ठेवतो, नक्की या.

तुमचा,
एक विद्यार्थी