वहीतल्या नंबरांच्या रेकॉर्डी

हॅनोव्हर,
१४ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारले, की दोन खोल्यांच्या घरात जुन्या रेकॉर्डी कशाला साठवतेस, आणि कधी न पाहिलेल्या माणसाकडून, न ऐकलेली वस्तू, इंटरनेटवर बोली लावून विकत घेणे हा कुठला व्यवहार. मागून आईचा आवाज आला, "लिलाव म्हणू नकोस गं, त्या शब्दानेच पोटात गोळा येतो." तेव्हा ऑफिसला निघायची घाई होती म्हणून मी विषय टाळला. आज रविवार आहे, बाहेर पाऊस आहे, तेव्हा सविस्तर लिहिते.

आई, तुझ्या मनातला लिलाव म्हणजे कर्जात बुडालेल्या घराची भांडीकुंडी अंगणात मांडून गावाने बोली लावायची, हे मला ठाऊक आहे. इथला प्रकार तसा नाही, पण तुझी धास्ती अगदी अनाठायी आहे असेही मी म्हणणार नाही. माझ्याकडे आलेल्या रेकॉर्डींपैकी बऱ्याचशा इंग्लंडमधून आल्या आहेत. भारतातून तिकडे स्थायिक झालेल्या एखाद्या कुटुंबातले वडील किंवा आजोबा जातात, घर रिकामे करायची वेळ येते, नातवंडांना रेकॉर्डीवर कोणाचे नाव आहे हे वाचताही येत नाही, आणि मग खोका विक्रीला निघतो. एका कव्हरच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने मराठीत लिहिले होते, "सौ. ला, दिवाळी १९६८." ते कव्हर मी बदललेले नाही आणि बदलणारही नाही.

मी संग्राहक नाही, हे बाबांना मुद्दाम सांगायचे आहे. मी फक्त बाबांच्या वहीतल्या रेकॉर्डी शोधते. त्या निळ्या कापडी पुठ्ठ्याच्या वहीत बाबांनी प्रत्येक रेकॉर्डीचा नंबर, गायकाचे नाव, राग आणि विकत घेतल्याची तारीख लिहून ठेवली आहे. अशा एकूण ४१ नोंदी आहेत. मागच्या खेपेस मी त्या पानांचे फोटो काढून आणले, ते यासाठीच. आजवर त्यांतल्या १३ सापडल्या आहेत. बालगंधर्वांच्या आणि हिराबाई बडोदेकरांच्या मिळून पाच जुन्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्या, बाकी आठ एलपी, म्हणजे नंतरच्या, हळू फिरणाऱ्या लाँग प्ले.

आणि आई, हा विषय निघाला की तू दर वेळी "मीच दिल्या रद्दीवाल्याला" म्हणून गप्प होतेस, ते आता पुरे कर. रत्नागिरीहून पुण्याला बिऱ्हाड हलवताना, १९९१ साली, बाबांच्या रेकॉर्डींच्या पेटीचे झाकण उघडले तेव्हा मी तिथेच उभी होते. कव्हरे एकमेकांना चिकटली होती आणि काळ्या तबकडीवर पांढरट बुरशीची नक्षी उठली होती. कोकणातल्या चार महिन्यांच्या दमटपणात, भिंतीलगत, एकावर एक आडव्या रचून ठेवलेल्या रेकॉर्डींचे दुसरे काय होणार? तू दिल्या नसत्यास तरी त्या वाजल्या नसत्याच. आज माझ्याकडच्या सगळ्या रेकॉर्डी मी उभ्या ठेवते, भिंतीपासून चार बोटे दूर, ते त्या दिवशी पाहिलेले विसरले नाही म्हणून.

बाबांना फसवणुकीची काळजी आहे, तर आता खरेदीची रीत सांगते. मी गायकाच्या नावाने शोधतच नाही, कारण रोमन लिपीत एकच नाव पाच प्रकारे लिहिलेले असते. मी नंबर टाकते. बाबा, तुम्ही वहीत नंबरांआधीची अक्षरेही जशीच्या तशी उतरवून ठेवलीत, याचा मला फार उपयोग झाला. एचएमव्हीच्या शास्त्रीय संगीताच्या एलपींवर 'ईएएलपी' असेल तर ती मोनो आणि 'ईएएसडी' असेल तर स्टिरिओ, एवढे कळले की चुकीची वस्तू घरी येत नाही. लेबल एक आणि आत रेकॉर्ड भलतीच, असेही क्वचित होते. म्हणून शेवटच्या खाचेनंतर जी गुळगुळीत पट्टी असते तिच्यावर कोरलेल्या नंबराचा फोटोही मी मागवून घेते.

दुसरी गोष्ट दर्जाची. या बाजारात सगळीकडे साधारण एकच प्रतवारी चालते: मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड, आणि त्याखाली फेअर आणि पुअर. यातले 'गुड' म्हणजे चांगली नव्हे. आपल्याकडे एखाद्या स्थळाविषयी "मुलगा तसा बरा आहे" असे म्हणतात, त्यातला 'तसा' ऐकायची सवय लागते, तसेच हे. 'गुड' रेकॉर्ड वाजते, पण खरखर सतत ऐकू येते आणि नाजूक आलापी तिच्यात बुडून जाते. मी व्हेरी गुड प्लसच्या खाली एलपी घेत नाही. ७८ च्या बाबतीत मात्र हट्ट सोडावा लागतो, कारण पोलादी सुईने वर्षानुवर्षे वाजवून त्यांच्या खाचा करड्या पडलेल्या असतात.

विकणाऱ्याच्या शब्दावरही मी विसंबत नाही. समोरून प्रकाश टाकून काढलेल्या फोटोत कुठलीही रेकॉर्ड नवी दिसते. दिवा बाजूला, तिरपा धरला की बारीकसारीक ओरखडे उठून दिसतात. त्याहून बोलका भाग म्हणजे मधल्या भोकाभोवतीची लेबलाची जागा. रेकॉर्ड दांड्यावर बसवताना भोक चटकन सापडले नाही की लेबलावर केसासारखी रेघ उमटते. अशा रेघांचे जाळे झाले असेल तर ती रेकॉर्ड रोजच्या रोज वाजलेली आहे, मग विकणारा काहीही लिहो.

बोलीचेही असेच आहे. ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावर मी माझी कमाल रक्कम एकदाच टाकते. ती इतरांना दिसत नाही, आणि यंत्रणा दुसऱ्याच्या बोलीपेक्षा एक पायरी वर, एवढीच किंमत पुढे नेते. कुमार गंधर्वांच्या एका एलपीसाठी मी ३५ युरोंपर्यंत जायचे ठरवले होते, दुसऱ्याची तयारी २२ पर्यंत होती, आणि मला ती साडेबावीसला मिळाली. रक्कम मी शेवटच्या दहा सेकंदांत टाकते, म्हणजे चुरशीने किंमत फुगवायला कोणाला वेळ उरत नाही. आकडा मात्र आदल्या दिवशी, शांतपणे, कागदावर लिहून ठेवलेला असतो. महिन्याला ६० युरोंच्या पुढे मी जात नाही, आणि त्यात टपाल आणि इंग्लंडहून आलेल्या पार्सलावर इथे भरावा लागणारा १९ टक्के करही धरलेला असतो.

एकदा फार वाईट वाटले, तेही लपवत नाही. हिराबाईंची एक ७८ चार महिने वाट पाहून मिळाली होती. पार्सल हातात घेताच आतून खळखळ असा आवाज आला आणि मला उघडण्याआधीच कळले. विकणाऱ्याने ती एका पातळ पुठ्ठ्याच्या पाकिटात घालून पाठवली होती. तीन तुकडे झाले होते. लाख, दगडाची पूड आणि काजळी यांची ती तबकडी पाटी फुटावी तशी फुटते. तुटलेली कडा मंद करडी, आणि खाचा मात्र वर अजून चमकत होत्या. पैसे परत मिळाले, पण जगातली एक प्रत कमी झाली, ती माझ्या हातात. तेव्हापासून मी पैसे भरण्याआधीच विकणाऱ्याला लिहिते, की रेकॉर्डीपेक्षा मोठे दोन जाड पुठ्ठे दोन्ही बाजूंना लावा आणि खोका खोक्यात घाला.

बाबांना आवडेल अशी आणखी एक गोष्ट. मी ज्या गावात राहते ते ग्रामोफोनचा जनक एमिल बर्लिनर याचे जन्मगाव. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गायिका गौहरजानचे गाणे ध्वनिमुद्रित केले, तेव्हा भारतात रेकॉर्ड छापायची सोय नव्हती. ध्वनिमुद्रणे बोटीने इथे हॅनोव्हरला येत, इथे छापली जात आणि परत हिंदुस्थानात विकायला जात. १९०८ मध्ये कलकत्त्यात कारखाना निघाला तेव्हा हा प्रवास थांबला. त्या काळच्या एका रेकॉर्डीचा फोटो गेल्या वर्षी लिलावात पाहिला, तिच्यावर हॅनोव्हरचे नाव ठसठशीत उमटले होते. किंमत माझ्या ऐपतीबाहेर गेली. तरी तो लिलाव संपेपर्यंत मी स्क्रीनसमोरून उठले नाही.

डिसेंबरात येताना आठही एलपी आणीन. केबिनच्या बॅगेत त्या नीट उभ्या बसतात. सामानात मी त्या सोडणार नाही. तोवर बाबा, एक विनंती. माळ्यावरचा प्लेअर काढलात असे आई म्हणाली. त्यातली सुई तीस वर्षांपूर्वीची आहे, तिच्यावर काहीही वाजवू नका. झिजलेली सुई खाच खरवडून काढते आणि ते नुकसान भरून येत नाही. सुईच्या बाजूला एक छोटी कळ असेल, ती फिरवली की ७८ ची आणि एलपीची अशा दोन वेगळ्या सुया आळीपाळीने खाली येतात. त्या कळीचा आणि सुईच्या डबीवर काही नंबर असल्यास त्याचा फोटो पाठवा, मी नवी शोधते. आणि पुसायला पूर्वीसारखा स्पिरिटचा बोळा घेऊ नका. एलपीचे एक वेळ ठीक, पण सुतार चपडी लाख स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश करतो, तेव्हा ७८ ची काय गत होईल ते तुमच्या लक्षात येईल.

वहीतल्या सतराव्या नोंदीचा शेवटचा आकडा ३ आहे की ८, हे फोटोत कळत नाही. तो लिलाव गुरुवारी रात्री संपतो. जमल्यास त्याआधी कळवा.

तुमची लेक