न कापलेल्या नोटांच्या तावाची किंमत कशी ठरते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेहून नातलगांनी भेट म्हणून आणलेल्या, न कापलेल्या डॉलर नोटांच्या तावाला संग्राहक लाखो रुपये मोजतात, अशा अर्थाचा मजकूर समाजमाध्यमांवर बरेच दिवस फिरतो आहे आणि आपल्या पुरवणीतही तो अलीकडे डोकावला. मी अनेक वर्षे नोटा जमवतो. असा ताव विकायला निघालेल्या लोकांचा होणारा हिरमोड, आणि त्याहीपेक्षा तो चढ्या भावाने घेणाऱ्यांचे होणारे नुकसान जवळून पाहिले असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

ताव न कापता का राहिला, हा पहिला प्रश्न. अमेरिकेच्या नोटा छापणाऱ्या सरकारी खात्याने 1981 पासून 1 डॉलरच्या नोटांचे 4, 16 आणि 32 नोटांचे ताव संग्राहकांसाठी मुद्दाम विक्रीस ठेवले. पुढे 2 डॉलरचे आणि मोठ्या रकमांचेही ताव आले, तर 2014 पासून 1 डॉलरच्या 50 नोटांचा ताव मिळू लागला. हे ताव दर्शनी मूल्यापेक्षा, म्हणजे नोटांवर छापलेल्या रकमेपेक्षा, जास्त किमतीला कोणालाही विकत घेता येतात, ज्यांनी घेतले त्यांनी ते जपूनच ठेवले आणि त्यामुळे ते फारसे नष्टही झालेले नाहीत. नोटा चलनात वैध असल्याने 32 नोटांच्या तावाचे मोल 32 डॉलरच्या खाली जात नाही, हे खरे. परंतु केवळ अखंड असण्यामुळे ते फार वरही चढत नाही.

याच्या उलट गोष्ट आहे ती अमेरिकेतील जुन्या ‘नॅशनल बँक’ नोटांची. 1863 ते 1935 या काळात सरकार त्या छापून गावोगावच्या बँकांकडे पाठवत असे. आरंभीच्या मोठ्या आकाराच्या नोटा बहुधा चार-चारच्या तावांत येत, त्यांवर बँकेचा अध्यक्ष आणि रोखपाल सह्या करत आणि मगच त्या कापून गिऱ्हाइकांना दिल्या जात. एका तावात तीन नोटा 10 डॉलरच्या आणि चौथी 20 डॉलरची, अशीही मांडणी असे. चारही नोटांवर बँकेचा अनुक्रमांक एकच असायचा आणि तावातील जागा ओळखण्यासाठी ए, बी, सी अशी अक्षरे तेवढी बदलायची. एखाद्या बँकेने आपला 1 क्रमांकाचा पहिला ताव आठवण म्हणून तिजोरीत ठेवून दिला, म्हणूनच असे काही ताव आज शिल्लक आहेत. तिथे गाव कोणते, त्या बँकेच्या किती नोटा उरल्या आहेत आणि सह्या शाईच्या आहेत की शिक्क्याच्या, यावर किंमत हलते. सुट्या नोटांना अधिक पैसे येतात म्हणून व्यापाऱ्यांनी असे कितीतरी ताव नंतर कापून टाकले, याची मला आजही हळहळ वाटते.

आता फसवणुकीविषयी. तावावर शेजारच्या दोन नोटांचे क्रमांक ओळीने नसतात, त्यांच्यात मोठे ठरावीक अंतर असते; कारण तावांची चळत एकत्र कापली की एकाच जागेच्या नोटा क्रमाने हाती याव्यात, अशी ती योजना आहे. विक्रीसाठी काढलेल्या 1 डॉलरच्या तावांना बहुधा 9 कोटी 60 लाखांच्या पुढचे क्रमांक दिले जात. काही जण असा ताव विकत घेतात, कात्री मुद्दाम तिरकी चालवून शेजारच्या नोटेची कड एका बाजूला शिल्लक ठेवतात आणि ‘छापखान्यात चुकून वाकडी कापली गेलेली दुर्मीळ नोट’ म्हणून ती विकतात. अशी नोट समोर आली की आधी क्रमांक पाहावा. तो 96 ते 99 या आकड्यांनी सुरू होत असेल, तर ती चूक छापखान्यातली नसून कोणाच्या तरी टेबलावरची असण्याचीच शक्यता फार आहे.

तावाची स्थिती हा वेगळाच विषय. मधोमध घडी पडली, मागे डिंक लावून पुठ्ठ्यावर चिकटवला, किंवा फ्रेम करून उन्हाच्या भिंतीवर टांगला, की संग्राहकाच्या लेखी त्याचे मोल दर्शनी किमतीजवळ येते.

आपल्याकडची बाब निराळी आहे. नाशिक रोडच्या चलार्थ पत्र मुद्रणालयातही नोटा तावावरच छापून मग कापल्या जातात, मात्र रिझर्व्ह बँक न कापलेले ताव सामान्यांना विकत नाही. त्यामुळे भारतीय नोटांचा असा ताव कोणी दाखवला, तर भाव विचारण्याआधी तो बाहेर कसा आला, हे विचारले पाहिजे. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये दिला होता, तोही इथे लक्षात ठेवावा.

माझी विनंती एवढीच आहे की, यापुढे अशा तावांच्या किमती छापताना विक्रेत्याने मागितलेली किंमत आणि लिलावात प्रत्यक्ष मिळालेली किंमत आपण वेगळी द्यावी, आणि सोबत नोटेची रक्कम, नोटेवर छापलेले मालिकेचे वर्ष, तावातील नोटांची संख्या व त्याची स्थिती यांचाही उल्लेख करावा.

कळावे,
आपला नम्र,
एक नोटसंग्राहक, पुणे